एक, दी, तीन

आमची धाकटी आठवीत असताना तिला शाळेतून एक प्रकल्प मिळाला होता. ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागातल्या एखाद्या अ‍ॅबोरिजिनल वस्तीतल्या शाळेची माहिती जमवायची होती. तिने उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधलं यिरकला हे गाव निवडलं. आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर यिरकला हाच विषय होता. तिथल्या योलंगू लोकांनी १९६३ साली खाणीविरुद्ध संसदेला अर्ज पाठवले ते झाडाच्या सालीवर, स्वतःच्या भाषेत आणि इंग्रजीत. नॉर्दर्न टेरिटरीतल्या काही शाळांत १९७३ पासून मुलांना त्यांच्या घरच्या भाषेतून शिकवायला सुरुवात झाली. मग २००८ मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं की रोजचे पहिले चार तास शिकवणं इंग्रजीतच झालं पाहिजे. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आई, तूही लांबच्या खेड्यातल्या शाळेत होतीस ना? तुमच्याकडे काय होतं?"

हा प्रश्न आम्हा सीमाभागातल्या लोकांचा आवडता. मी भाताचा डाव खाली ठेवला आणि सुरू झाले. आमचं गाव बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, बसवकल्याण आणि आळंद तालुक्यांच्या कोपऱ्यात. पश्चिमेला थोडं चाललं की महाराष्ट्राचा उमरगा तालुका. पूर्वी हा सगळा मुलूख निजामाचा. १७ सप्टेंबर १९४८ ला तो भारतात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणे त्याचे तुकडे झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड तेलुगू मुलखात, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत बेळगाव-कारवारच्या मागून बिदर-भालकीचं नाव यायचं, ते बहुतेकांना फक्त घोषणेतच माहीत. आमची पुस्तकं मराठी, पण कर्नाटक सरकारची. गावाच्या नावाची पाटी कन्नड, सातबाऱ्याला म्हणायचं 'पहाणी', आणि दहावीला एसएसएलसी. आम्ही मराठी म्हणून कसे दुर्लक्षित राहिलो हे मी तिला चांगलं रंगवून सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तुमच्या वर्गात ज्यांची भाषा मराठी पण नव्हती आणि कन्नड पण नव्हती, अशी मुलं नव्हती का?"

"होती की. तांड्यावरची होती काही," मी म्हटलं, आणि कुकर बघायला उठले. शिट्टी झालेली नव्हती.

तो प्रश्न डोक्यात घेऊन २०२४ च्या डिसेंबरात आम्ही भारतात गेलो. येळवस गाठायची असं ठरवून तिकिटं काढली होती. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी एवढ्याच पट्ट्यात ती दिवाळीसारखी साजरी होते. त्या दिवशी गावात माणूस दिसत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, पांडवांची पूजा करायची आणि दिवसभर भज्जी, बाजरीचे उंडे आणि गाडग्यातली आंबील. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. हिरवी तूर, वाटाणा, हरभरा, मिळेल तो पाला आणि बेसन घालून केलेली ती दाट भाजी असते. मी ती मेलबर्नला दोनदा करून पाहिली आणि दोन्हीदा ती नुसतं पिठलं झाली.

आम्ही हैदराबादला उतरलो आणि सोलापूरच्या रस्त्याला लागलो. जहिराबाद, हुमनाबाद, मग सस्तापूर बंगला. लहानपणी याच बंगल्यावर तासन् तास एसटीची वाट बघितलेली, केएसआरटीसीची येते की महाराष्ट्राची यावर पैज लावून. आता बिदरला विमानतळ आहे, कलबुर्गीलाही आहे, आणि २०१७ पासून या दोन शहरांमध्ये थेट रेल्वेही आहे. आमच्या लहानपणी बिदरहून गुलबर्ग्याला रेल्वेने जायचं म्हणजे विकाराबादकडून वळसा घालावा लागायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर कापणीला आलेली होती. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुलगी म्हणाली, "म्हणजे शँपेनसारखं?" मी म्हटलं, हो, आमटीची शँपेन.

सस्तापूरहून आत वळलं की तासाभराने जमिनीचा रंग बदलतो. काळी माती संपून लाल मुरमाड माळ लागतो. गाव काळ्यात आहे आणि तांडा माळावर. हे काही योगायोगाने झालेलं नाही.

बंजारा लोक, आमच्याकडे लमाणी म्हणतात, हे मूळचे वाहतूकदार. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते देशभर फिरायचे. मोगलांच्या दक्षिणेतल्या फौजांनाही धान्य पुरवायचे ते हेच. रेल्वे आणि पक्के रस्ते आले आणि हा धंदा बसला. वर इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्यात ठिकठिकाणचे बंजारेही धरले गेले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. बैल गेल्यावर जिथे थांबता आलं तिथे ते थांबले, आणि थांबायला मिळालेली जागा म्हणजे गावाने सोडलेला माळ. आमच्या तांड्याला कागदावर नावच नव्हतं. मतदार यादीत, रेशनकार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावरही गाव आमचंच लागायचं. मुलं मात्र तिथून दोन किलोमीटर चालत यायची.

आमची शाळा सातवीपर्यंत, मराठी माध्यमाची, सरकारी. खोल्या तीन आणि शिक्षक दोन, त्यातले एक माझे वडील. घरी आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, शाळेत गुरुजी म्हणावं लागायचं, आणि या दोन्हींत माझी कायम गल्लत व्हायची. कडुनिंबाच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा. खाली बसायला तरटाच्या पट्ट्या. माझ्या पट्टीवर शेजारी तांड्यावरची एक मुलगी बसायची. तिचं नाव इथे लिहीत नाही. मी ते आयुष्यात भरपूर वेळा लिहून ठेवलेलं आहे, कसं ते पुढे सांगते.

ती शाळेत पहिल्यांदा आली त्या दिवशी अप्पांनी तिला मणी मोजायला दिले. तिने मोजले, "एक, दी, तीन, चार..."

"दी काय? दोन म्हण."

तिने पुन्हा मोजलं, "एक, दी, तीन." वर्ग हसला, मीही हसले. मणी तिने बरोबर मोजले होते. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, दोनला दी म्हणतात, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. अप्पांनाही नव्हतं, आणि ते त्या शाळेत येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

अप्पा वाईट शिक्षक होते असं मुळीच नाही. तांड्यावरची मुलं शाळेत यावीत म्हणून ते दर जूनमध्ये माळावर खेटे घालायचे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की मुलांना पलीकडे पोचवून मगच घरी यायचे. पण त्यांचा हिशोब साधा होता. पोरांना मराठी आलं पाहिजे, त्यावर कन्नड आलं पाहिजे, तरच कुठे तलाठ्याच्या, कंडक्टरच्या नोकरीला लागतील. दिवसभर आपसात लमाणी बोलत बसली तर मराठी कधी येणार? म्हणून त्यांनी नियम केला की शाळेच्या आवारात तांड्याची भाषा बोलायची नाही. जो बोलेल त्याचं नाव वर्गप्रमुखाने वहीत लिहायचं. शनिवारी वही बघायची, आणि ज्यांची नावं असतील त्यांनी आवार झाडायचं.

तिसरीपासून वर्गप्रमुख मी होते. गुरुजींची मुलगी म्हणून.

मी फार इमानदारीने नावं लिहायची. वहीच्या डाव्या बाजूला तारीख, मग नाव, मग कोणता शब्द बोलला तो. भाकरीला 'बाटी' म्हटलं, लिहिलं. आईला 'याडी' म्हटलं, लिहिलं. खेळताना कुणी पडलं आणि तोंडातून "याडी" निघालं तरी लिहिलं. दुखलं की माणूस आईच्याच भाषेत ओरडणार, एवढं नऊ-दहा वर्षांच्या मुलीला कळायला हरकत नव्हती. मला कळत असावंही. पण वही माझ्या हातात होती आणि ती असली की मला बरं वाटायचं.

त्यात वरकडी म्हणजे मी रोज तिच्याच डब्यातली बाटी खायचे. तेव्हा शाळेत जेवण नव्हतं. मध्यान्ह भोजनाची 'अक्षर दासोह' योजना आमच्याकडे २००२ मध्ये आली. ती फडक्यात ज्वारीची जाड बाटी आणि लाल मिरचीचा ठेचा बांधून आणायची. मला आमच्या घरच्या पातळ भाकरीपेक्षा ती आवडायची. खाताना आम्ही तिला काय म्हणत होतो कोण जाणे. बहुतेक काहीच म्हणत नसू.

१९९३ साली आम्ही सहावीत होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावाचा गणपती ओढ्यात बुडवून सगळे उशिरा झोपले. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. मला आठवतो तो आवाज. जिन्यावरून कुणीतरी भरलेली पोती खाली सोडावीत तसा. पुढचं किल्लारीचं सगळ्यांना माहीत आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसं झोपेतच गेली. आमच्यापासून ते पट्टे पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडे भिंतींना भेगा गेल्या, दोन गोठे पडले, माणूस कुणी गेलं नाही. पण दुपारपर्यंत उमरग्याकडून बातम्या येऊ लागल्या आणि सगळ्या बातम्यांत एकच गोष्ट होती: दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यावर माळवद. म्हणजे लाकडी तुळयांवर फूट-दीड फूट माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, आणि भूकंपात थडगं. आमचं अख्खं गाव तसंच बांधलेलं होतं. ज्याचं माळवद जितकं जाड तितकी त्याची पत मोठी, अशी तोवर समजूत होती.

त्या संध्याकाळी घरात जायला कुणी तयार होईना. हादरे चालूच होते. त्यात पाऊस आला. ताडपत्र्या पाटलाकडे दोन, गाव दीडशे घरांचं. आईच्या कडेवर माझा धाकटा भाऊ, आठ महिन्यांचा. अंधार पडायच्या सुमाराला तिचा बाप बैलगाडी घेऊन आमच्या दारात आला, म्हणजे दारासमोरच्या चिखलात आला, आणि म्हणाला, "गुरुजी, पोरं घेऊन चला. आमच्याकडं काय पडंल? गवतच हाय. पडलं तर झटकून उठायचं."

आम्ही तांड्यावर अकरा रात्री राहिलो. आमच्यासारखी गावातली आणखी चौदा-पंधरा घरं तिथे आली होती. ज्यांच्या घरी तांड्यावरच्या माणसाला ओसरीच्या वर येऊ देत नव्हते, तेही आले होते. जेवणाचं त्यांनी कसं जमवलं हे मी लिहू शकते, पण त्यातले काहीजण अजून हयात आहेत आणि हे मासिक वाचणारी नातवंडं त्यांना आहेत.

कुडाच्या भिंती, वर गवत, आत शेणाने सारवलेली गुळगुळीत जमीन. झोपडी तिच्या आजीची. आजी पूर्ण जुन्या वेषात, आरसे लावलेली कांचळी, फेटिया आणि दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. रात्री कूस बदलली की त्या वाजायच्या, आणि त्या अकरा रात्रींत मला झोप त्याच आवाजावर लागायची. आजीला मराठी अजिबात येत नव्हतं. पहिल्या रात्री तिने माझ्या हनुवटीला धरून विचारलं, "तारो नाम काई?" मला कळलं नाही. मी तशीच बघत राहिले. सगळा तांडा हसला, अगदी आमचा वर्ग हसला होता तसाच.

तिथेच मला समजलं की बंजारे स्वतःला 'गोर' म्हणतात आणि बाकीच्या सगळ्यांना 'कोर'. ब्राह्मण, मराठा, लिंगायत, मुसलमान असा आम्ही जो बारीकसारीक फरक करत असू, तो त्यांच्या हिशोबी एकाच शब्दात संपत होता. आम्ही कोर. मी आयुष्यात पहिल्यांदा 'इतर' झाले होते आणि मला ते फार खटकलं.

तिसऱ्या-चौथ्या रात्री तिने पाटी काढली. वरती माझं नाव लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घासकट बिनचूक, आणि खाली उभ्या रेघा ओढायला लागली. मी विचारलं, "काय करालीस?" तिने आणखी एक रेघ ओढली. मी जेव्हा जेव्हा मराठी बोलायची तेव्हा तेव्हा एक रेघ. तांड्याच्या आवारात शाळेची भाषा बोलायची नाही.

ती खेळत होती. रागाने करत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण कंदिलाजवळ बसून अप्पा ते बघत होते. त्यांनी पाटी हातात घेतली, रेघा मोजल्या आणि मला विचारलं, "हे कशाबद्दल?" मी सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. जरा वेळाने त्यांनी तिच्या आजीकडे बघून, चाचरत, "याडी, पाणी" असं काहीतरी म्हटलं. आजीने तांब्या दिला. तिने पाटीवर अप्पांच्या नावाने रेघ ओढली नाही.

दसऱ्यानंतर शाळा उघडली, बाहेर निंबाखाली. शनिवारी मी वही घेऊन गेले. अप्पांनी ती ठेवून घेतली आणि आवार त्या दिवशी सगळ्यांनी मिळून झाडलं. वही मला परत मिळाली नाही. पुढच्या जूनमध्ये पहिलीत तांड्यावरची पाच मुलं आली. अप्पांनी 'य' शिकवायला फळ्यावर यज्ञाचं चित्र काढलं नाही, बाई काढली आणि म्हणाले, "य याडीचा." यज्ञ तसाही आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा शब्द कोणत्या पुस्तकातला? अप्पा म्हणाले, माझ्या पुस्तकातला. हे पुस्तक काय होतं ते मला तीस वर्षांनी कळलं.

पण ती तोवर शाळेत नव्हती. दिवाळी झाली आणि मुकादम आला. तिच्या बापाने त्या वर्षी उचल जास्त घेतली होती. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. लहान भावंडांना सांभाळायला आणि मोळ्या बांधायला हाताशी मोठी मुलगी असली तर काम जास्त उरकतं. टोळी महाराष्ट्रातल्या कारखान्यावर गेली. मार्च-एप्रिलला परत आली तेव्हा वर्ष संपत आलं होतं. पुढच्या वर्षीही तेच झालं. अप्पांनी सातवी संपेपर्यंत हजेरीपटावर तिचं नाव ठेवलं होतं आणि रोज हाक मारायचे. त्यानंतर थोडा वेळ थांबून पुढचं नाव घ्यायचे.

येळवसेच्या दुसऱ्या दिवशी काकांच्या वाड्यात अप्पांची पेटी उघडली. अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि पेटी कुणी उघडली नव्हती. पेन्शनचे कागद, माझ्या भावाची कुंडली, १९८७ ची एक डायरी आणि खाली ती वही. पुढच्या बाजूने माझं अक्षर. मुलीने माझ्या हातातून घेऊन वाचायला सुरुवात केली. तिचं मराठी वाचन सावकाश आहे, रविवारच्या मराठी शाळेतलं, त्यामुळे तिने प्रत्येक नाव मोठ्याने उच्चारलं. मैत्रिणीचं नाव एक्केचाळीस वेळा आलं. मी हळूहळू मोजत गेले म्हणून आकडा माहीत आहे.

वही उलटी केली तर मागच्या बाजूने अप्पांचं अक्षर. दोन रकाने. दोन, दी. आई, याडी. भाकरी, बाटी. मुलगी, छोरी. पुढे पुढे शब्द अवघड होत गेलेले, हाताबाहेरचे, काही खोडून पुन्हा लिहिलेले. शेवटच्या पानांवर वाक्यं. पुढून माझी आणि मागून अप्पांची पानं मध्ये एका ठिकाणी भेटली असती, पण अप्पांची वीसेक पानं कोरी राहिली होती. ते साल संपता संपता त्यांची बदली झाली.

मुलगी म्हणाली, "तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा हे सांगितलं नव्हतंस." नव्हतं सांगितलं.

मग तांड्यावर गेलो. आता डांबरी रस्ता आहे. गवताची घरं गेली, पत्र्याची आणि स्लॅबची आली. सेवालाल महाराजांचं छोटं देऊळ आहे, त्यावर पांढरं निशाण. तांड्याला आता स्वतःचं नावही आहे. कर्नाटकात अशा नोंद नसलेल्या वस्त्यांना महसुली गावाचा दर्जा देण्याचं काम सुरू झालं आणि १९ जानेवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर आणि विजयपूर या जिल्ह्यांतल्या पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना घरजागेचे हक्कपत्र दिले गेले. शेकडो वर्षं ज्या मातीवर सामान उतरवलेलं, तिचा कागद तेव्हा हातात आला.

शाळा तांड्यातच आहे, पाचवीपर्यंत. पाटी कन्नड, माध्यम कन्नड. आमची गावातली मराठी शाळा चालू आहे, पण पट कमी झालाय. मला पहिल्यांदा वाईट वाटलं, आणि दोन मिनिटांनी मी स्वतःला विचारलं, कशाचं वाईट वाटलं? तिथल्या तरुण बाईंनी मला व्यवहार समजावून सांगितला. बंजारे कर्नाटकात अनुसूचित जातींत आहेत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत, आणि तेलंगणात १९७६ पासून अनुसूचित जमातींत. म्हणजे इथल्या मुलीची जहिराबादकडची मामेबहीण जमातीत, उमरग्याची आत्येबहीण विमुक्तांत आणि ती स्वतः जातीत. तिघी एकाच घरच्या, तिघींचं कपाट वेगळं. कर्नाटकातच शिकायचं आणि ३७१(जे) कलमाखाली कल्याण कर्नाटकाला मिळणारी सवलत घ्यायची तर कन्नड लागतंच. मराठीचा त्यांना काय उपयोग? त्यांची भाषा ती कधी नव्हतीच. आमच्यासाठी जी हिरावून घेतलेली गोष्ट होती, ती त्यांच्यासाठी फक्त मधला एक थांबा होता.

पहिलीच्या वर्गात डोकावले. बाई कन्नडमधून गणित शिकवत होत्या. एक मुलगा बोटं मोडत मोजत होता, ओंदु, दी, मूरु. बाई हसल्या, दुरुस्त केलं आणि पुढे गेल्या. कुणी काही लिहून घेतलं नाही.

मैत्रिणीचं घर सापडलं. ती तिथे नव्हती. तिची आई उन्हात बाजेवर बसलेली होती, ऐंशीच्या पुढची. तांड्यात जुना वेष घातलेल्या आता चार-सहाच म्हाताऱ्या उरल्यात, बाकी सगळ्या साडीत. मी गुरुजींचं नाव सांगितल्यावर तिने माझी हनुवटी धरली. या वेळी मला प्रश्न कळला आणि मी उत्तर दिलं.

भावजयीने फोन लावून दिला. ती पुण्यात आहे, वाकडकडे एका बांधकामावर, बायकांच्या टोळीची मुकादम. मागे मिक्सरचा आवाज. पस्तीस सेकंद आम्ही दोघी नुसत्याच "हाव, हाव" करत होतो. तिने अप्पांचं विचारलं, मी सांगितलं. ती थोडी थांबली. मग ती तिचं सांगायला लागली. एक मुलगा आयटीआय झालाय, मुलगी नर्सिंगला आहे, ती स्वतः मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू बोलते, "आन् घरचं तर हायेच." तिचं मराठी आता पुण्याचं झालंय. माझं मात्र फोनवर आपोआप बिदरचं झालं होतं.

मी वहीचं काढलं. म्हटलं, सापडली, तुझं नाव एक्केचाळीस वेळा आहे. मला पुढे आणखी काही म्हणायचं होतं. ते मी विमानात बसून तयार केलं होतं.

"एक्केचाळीसच?" ती म्हणाली. "लई सोडलीस मग मला. मी तर दिवसभर बोलत होते." आणि हसायला लागली. मी पुन्हा सुरुवात केली तेवढ्यात तिकडे कुणीतरी हाक मारली. "स्लॅब चालू हाय गं, नंतर बोलू. पोरीला दे आधी."

मुलीने फोन घेतला. "मावशी, नमस्कार. मी पहिल्यांदा इथे आली."

"आले म्हण," पलीकडून आवाज आला. "आई काय शिकवतीया तुला? लिहून ठेव एक."

फोन बंद झाला. भावजय चुलीवरून उठली, तव्यावरच्या बाट्या एका वर्तमानपत्रात घेत आमच्याकडे वळली आणि वाटेत खायला किती देऊ म्हणून विचारलं. मुलीने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघून दोन बोटं वर केली.

"दी," ती म्हणाली.

भावजयीने चार बांधून दिल्या.